सुटीतील चार ग्रंथ आणि काही फेरफटके

सुटी ही मोठी विलक्षण वस्तू आहे. जो कामात आहे तो तिची वाट पाहतो आणि जो कामातून मोकळा झाला त्याला ती असून नसल्यासारखी. शाळामास्तराच्या बाबतीत तर हे विशेषच खरे. पस्तीस वर्षे आम्ही उन्हाळ्याच्या सुटीकडे डोळे लावून बसत होतो. आता बारा महिने तेरा काळ सुटीच आहे. तथापि मे महिना उजाडला की जुन्या सवयीने मन हुशारते. कारण सुटी आमची राहिली नसली तरी ती आमच्या घरी वस्तीला येते. नातवंडे मोकळी होतात, परगावची भाचरे-पुतवंडे जमतात, माजघरात मोठी पंगत बसते आणि आंब्याच्या आढीवरून भांडणे सुरू होतात. सुज्ञ वाचकांच्या घरीही याहून फारसे निराळे घडत नसेल. म्हणून यंदाच्या सुटीत आम्ही काय वाचले व कोठे हिंडलो, याचा हिशेब येथे मांडीत आहो.

यंदाच्या सुटीस एक विशेष प्रयोजन लाभले होते. आमचा पुण्यातील वाडा नदीपासून फार दूर नाही. तो पाडून त्या जागी सदनिकांची इमारत उभारावी, असे सर्व भागीदारांच्या संमतीने ठरले आहे. दिवाळी आटोपली की वाडा मोकळा करून द्यावयाचा. आजवर एका चुलीवर जेवणारे आम्ही तिघे बंधू आता तीन दारांआड राहू. जेवण मात्र एकत्रच असावे असा सर्वांचा मानस आहे, पुढे काय होते ते पाहावे. या गोष्टीचा शोक करण्यात अर्थ नाही. तुळया वाकल्या आहेत आणि पावसाळ्यात माडीवर पाच ठिकाणी भांडी मांडावी लागतात. भांड्याकुंड्यांची वाटणी कुरकुरीवाचून झाली, देव कोणाकडे राहावयाचे तेही ठरले. घोडे अडले ते पुस्तकांपाशी.

आमच्या आजोबांपासून साठत आलेली सुमारे नऊशे पुस्तके चार कपाटांत आहेत. नव्या जागेत एका कपाटाची सोय लागली तरी पुष्कळ. धाकटे बंधू बँकेत होते. त्यांना आकड्यांची भाषा चांगली अवगत. ते म्हणाले, “दादा, रद्दीत घाला असे मी म्हणणार नाही. पण गेल्या दहा वर्षांत यांतल्या किती पुस्तकांना कोणाचा हात लागला, ते सांगा.” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही एका ग्रंथालयाकडे चौकशी केली. तेथील ग्रंथपालांनी चहा पाजला आणि मोठ्या सौजन्याने सांगितले, की दर आठवड्यास असा एक तरी गृहस्थ येतो. आम्ही निवडक शंभरेक ठेवून घेऊ, अधिकास जागा नाही.

तेव्हा घरात असा करार झाला: सुटीत रोज रात्री जेवणे उरकल्यावर ओसरीवर तासभर पुस्तक मोठ्याने वाचावयाचे, ज्याला ऐकावयाचे त्याने बसावे, कोणावर सक्ती नाही. सकाळ-संध्याकाळी त्या पुस्तकाशी संबंध असलेली एखादी जागा पायी जाऊन पाहावयाची. ज्या पुस्तकाविषयी घरातील एखाद्या तरी जीवाला आस्था वाटेल ते राहील. इतरांचा निकाल धाकट्या बंधूंनी लावावा. वाचणारे आम्ही. श्रोत्यांत मुख्य दोघे: आमचा अकरा वर्षांचा नातू, आणि मधल्या बंधूंची चौदा वर्षांची नात, जी बंगळूरास वाढली. ही मुलगी घरात मराठी झकास बोलते. हिंदीमुळे देवनागरी अक्षरही तिला येते. परंतु पुस्तकातील मराठी वाक्य समोर आले की ती अडखळते. अक्षर ओळखीचे असते आणि वाक्य परके असते. अशी मुले आता घरोघरी आहेत. त्यांना दोष देण्यात हशील नाही.

प्रारंभ त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथाने केला. हा ग्रंथ मुलांसाठी लिहिलेला नव्हे. त्यात पत्रांची छाननी आहे, मुक्कामांचा व मार्गांचा विचार आहे, कारणांची मीमांसा आहे. म्हणून आम्ही निवडक भागच वाचला आणि मधले दुवे तोंडाने सांगितले. मुलांना लढाईची हौस होती. परंतु त्यांच्या मनावर ठसली ती लढाईपूर्वीची उपासमार. रसद तुटलेली, पैसा संपलेला, लढणाऱ्यांच्या बरोबर यात्रेकरू, बायकामुले व बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय, आणि उत्तर हिंदुस्थानातील कडाक्याची थंडी. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याचे बीज आधीच्या दोन महिन्यांतील रिकाम्या कोठारांत होते, हे नातवाने आपण होऊन सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पर्वतीस गेलो. पर्वती पुणेकरांच्या रोजच्या पायाखालची. व्यायामास येणारी मंडळी शंभरांवर पायऱ्या घड्याळ लावून चढतात आणि देवाला बाहेरूनच हात जोडून उतरतात. त्यांत आम्हीही आलोच. परंतु त्या दिवशी मुलांना सांगितले, की नानासाहेब पेशव्यांचा अंत येथेच झाला, २३ जून १७६१ रोजी, म्हणजे लढाईनंतर अवघ्या पाच महिन्यांनी. थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवराव गेला, आणि ज्यांनी हे देवालय उभारले ते येथेच येऊन खचून वारले. नातवाने विचारले, “आजोबा, बातमी इथे पोचायला किती दिवस लागले?” प्रश्न उत्तम होता. बातमी त्यांना येथे कळलीच नाही. ते स्वतः कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते, आणि सुमारे दहा दिवसांनी माळव्यात भेलशाजवळ एका सावकारी पत्रातून त्यांना ती समजली. मुलगा काही वेळ खाली शहराकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, “दहा दिवस त्यांना वाटत असेल, सगळे जिवंत आहेत.” इतिहासाच्या तासाला आम्ही पुष्कळ वर्षे उभे राहिलो, हे वाक्य कोणा विद्यार्थ्याकडून ऐकल्याचे स्मरत नाही.

त्याच आठवड्यात वह्या-पुस्तकांच्या खरेदीसाठी अप्पा बळवंत चौकात जाणे झाले. जूनच्या तोंडी तेथे मुंगीला शिरावयास वाट नसते. दुकानाच्या फळीवर हात टेकून नात विचारू लागली, “अप्पा बळवंत म्हणजे कोण? प्रकाशक का?” दुकानातील पोऱ्या हसला, पण त्यालाही ठाऊक नव्हते. बळवंतराव मेहेंदळे हे भाऊसाहेबांबरोबर उत्तरेस गेलेले सरदार. मुख्य लढाईच्या आधीच, डिसेंबर १७६० मध्ये, एका चकमकीत ते पडले. त्यांचा मुलगा तो अप्पा. पित्याचे छत्र हरपलेला हा मुलगा पुढे पेशवाईत नामांकित झाला आणि त्याचे नाव या चौकास राहिले. पुण्यातील प्रत्येक पोर ज्या जागी वह्या घेते ती जागा पानिपतात वडील गमावलेल्या एका मुलाच्या नावाची आहे, एवढे कळल्यावर दोघांनी चौकाची पाटी पुन्हा एकदा वाचली. त्या रात्री ‘पानिपत’च्या पहिल्या पानावर आजोबांच्या सहीखाली नातवाने पेन्सिलीने आपले नाव व तारीख लिहिली. ही कल्पना त्याचीच. आम्ही ती पुढे नियम म्हणून स्वीकारली.

दुसरा ग्रंथ विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण. घरात कर्ज, पोटापुरते उत्पन्न नाही. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असे कळले, म्हणून चुलत्याबरोबर दक्षिणेच्या आशेने १८५७ साली निघाला, आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. शहर पडल्यानंतरची कत्तल त्याने भुयारा-माळ्यांतून लपतछपत पाहिली व सोसली. जे मिळविले ते लुटले गेले, पुन्हा मिळविले, पुन्हा गेले. अखेरीस घरी आला तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन. त्या पाण्याने त्याने आईबापांना स्नान घातले.

हे पुस्तक वाचावयास सोपे आणि ऐकावयास त्याहून सोपे, कारण ते सांगितल्यासारखेच लिहिलेले आहे. आठ रात्री ते चालले. पहिल्या रात्री पाच जण होते, चौथ्या रात्री अकरा. संगणकाच्या कचेरीचे काम घरी बसून करणाऱ्या आमच्या सूनबाई आपले यंत्र मिटून जिन्यात येऊन बसू लागल्या. विशेष म्हणजे धाकटे बंधू. प्रथम ते लांब आरामखुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसत. पाचव्या रात्री आमचा घसा बसला म्हणून वाचन बंद ठेवले, तर सकाळी पुस्तक जागेवर नव्हते. चौकशी करता ते त्यांच्या उशाशी सापडले. “कर्ज फिटले की नाही, एवढेच पाहत होतो,” असे ते म्हणाले. बँकेतल्या मनुष्याला दुसरे काय सुचणार! पण दिव्याखाली ते पहाटेपर्यंत जागले होते, हे आमच्या भावजयीने सांगितले.

या पुस्तकाच्या जन्माची हकीकतही मुलांना सांगितली. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसेभटजींनी १८८३ च्या सुमारास आठवणी लिहून काढल्या. त्या छापल्या गेल्या १९०७ साली, लेखकाच्या पश्चात. बंडाची हकीकत, राज्य इंग्रजांचे. म्हणून वैद्यांनी मजकुरात बराच फेरफार करून ती प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखित पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदार यांनी मुळाबरहुकूम आवृत्ती १९६६ साली काढली. १९१० साली स्थापन झालेले हे मंडळ सदाशिव पेठेत आहे. आमच्या संध्याकाळच्या फेरीच्या वाटेवरच ते लागते. नातीने बाहेर उभे राहून विचारले, “म्हणजे साठ वर्षे लोकांनी जे वाचले ते त्यांनी लिहिले तसे नव्हतेच?” आम्ही म्हटले, बाई, जपून ठेवणारा कोणी होता म्हणून खरे काय ते पुढे कळले, वैद्यांनी ती छापली म्हणून तर ती आहे हे जगाला समजले. दोघांचेही उपकारच.

तिसरे पुस्तक काढताना आम्ही किंचित थबकलो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आमच्या कपाटात दुसऱ्या रांगेत, मागे, वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेली अशी सापडली. वेष्टन आमच्या आजीने घातले होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. आणि एका कर्मठ घरात हे पुस्तक उघड्यावर कसे ठेवावे, हा आजीपुढील पेच. परंतु ते फेकून न देता तिने मागे का होईना ठेवले, आणि पानांचे कोपरे पाहता ते वाचलेही असावे. आमच्या थोरल्या काकू शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे फिरणे आता पलंगापासून ओसरीपर्यंत. त्यांना हे रुचेल की नाही याची आम्हांस शंका होती, म्हणून आधी विचारले. त्या म्हणाल्या, “वाच. आता कुणाला भ्यायचंय?”

ज्यांनी हे पुस्तक वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले; चौथा भाग निघाला तेव्हा बाई हयात नव्हत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. १८५७ च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, येथून कथेस आरंभ होतो. म्हणजे गोडसेभटजींनी ज्या वणव्यातून वाट काढली, त्याचीच एक ठिणगी नाशिककडच्या एका घरात पडली आणि तेथील बायकामुलांनी ती सोवळ्याच्या रूपाने पुढे जन्मभर सोसली. दोन पुस्तके लागोपाठ वाचल्यामुळेच हा धागा आमच्या ध्यानात आला. एरवी आला नसता. आणि एवढे सर्व सांगताना बाईंच्या मनात कोणाविषयी विष नाही. त्या स्वतःला हसतात, नवऱ्याला हसतात आणि वाचकाला रडू येण्याच्या आत पुन्हा हसवितात.

काकू डोळे मिटून ऐकत. वडिलांच्या सोवळ्याचा भाग संपला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या माहेरीही असंच होतं. लिहून ठेवायला कुणी नव्हतं, इतकंच.” ओसरीवर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो बंगळूरची नात काकूंच्या पलंगाशी वही घेऊन बसलेली. “काकूआजी सांगताहेत, मी लिहितेय,” असे ती म्हणाली. अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजी अक्षरांत, जसे जमेल तसे. सुटी संपेपर्यंत त्या वहीची चाळीस पाने भरली. ती वही आमच्या नऊशे पुस्तकांत मोडत नाही, परंतु चारही कपाटे एका पारड्यात घातली तरी ती दुसऱ्या पारड्यात जड ठरावी, असे आमचे मत झाले आहे.

चौथा ग्रंथ इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’. १९६७ साली तो निघाला व १९६८ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. महाभारतातील व्यक्ती देव वा राक्षस म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहाव्या, ही त्यातील दृष्टी. त्या विवेचनास आधार आहे तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा. म्हणून एका सकाळी मुलांना घेऊन त्या संस्थेच्या आवाराकडे गेलो. संस्थेची स्थापना ६ जुलै १९१७ ची. महाभारताचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून प्रमुख संपादकत्व पत्करले आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. पुढे बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते तडीस नेले. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतील १२५९ हस्तलिखिते त्यासाठी उपयोगात आणली. वाटेत मुलांना रीत समजावून दिली: काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकमेकींस कधी भेटल्या नाहीत, तरीही दोघींत एखादा श्लोक तंतोतंत सारखा असेल तर तो जुना मानावा, आणि एकीतच असेल तर तो मागाहून आलेला असण्याचा संभव अधिक.

घरी आल्यावर यावरून मोठे रण माजले. नातवाने पंगतीत जाहीर केले, की महाभारत गणपतीने लिहिले नाही. भावजय हातातला वाढप तसाच ठेवून उभ्या राहिल्या. “कोण म्हणतो?” गणपतीने लेखणी धरल्याची कथा चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही, ही गोष्ट खरी आहे, सर्व परंपरांच्या पोथ्यांचा तिला आधार मिळत नाही. आम्ही सांगितले, की वहिनी, ती कथा संपादकांनी टाकून दिलेली नाही. जे जे संहितेत बसले नाही ते ते त्यांनी तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या पोथीत आढळले या नोंदीसह, जपून छापले आहे. गणपती आहेच, फक्त त्याची जागा बदलली आहे. यावर त्या म्हणाल्या, “मग ठीक. घराबाहेर काढला असता तर मी ऐकून घेतले नसते.”

त्यांचे हे बोलणे आमच्या डोक्यात राहिले. रात्री कपाटांपुढे बसलो असता वाटले, की आपल्यापुढचा प्रश्न हाच नव्हे काय? नऊशे पुस्तकांतील संहिता कोणती, परिशिष्ट कोणते? संहिता तीच, की जिचा पाठ घरातील एकाहून अधिक माणसांत उतरला आहे. बाकीची परिशिष्टे, त्यांना फेकावयाचे नाही, कोठे गेली याची नोंद ठेवून दुसऱ्या घरी पाठवावयाची. सुभाषितकारांनी पुस्तकात अडकून पडलेल्या विद्येला परक्याच्या हातातील धनाची उपमा दिली आहे, कारण वेळेवर दोन्हींचा उपयोग नाही. आणि जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस तिच्याच तोंडून विनंती करवीत, की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राखा, व मूर्खाच्या हाती देऊ नका. आमच्या खालच्या खणातील पुस्तकांच्या कडांवर १२ जुलै १९६१ ची गढूळ रेघ अजून आहे. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले आणि आमच्या वडिलांनी ही पुस्तके चिखलातून काढून गच्चीवर महिनाभर पाने उलटीत वाळविली. पाण्यापासून त्यांनी राखली. पण न वाचल्या जाण्यापासून राखावयाची कशी, याचा उपाय लेखनिकांनीही सांगून ठेवलेला नाही.

सुटीच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस एस.टी.ने वाईस गेलो. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आणि तेथील मोठी घंटा, असा क्रम झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व केले आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्याचे माहेर ही वाई. विश्वकोशाचे खंड आमच्याकडे आहेत व फार जागा अडवितात. सूनबाईंनी तेथेच घाटावर मोबाइलवर विश्वकोशातील ‘कृष्णा’ ही नोंद काढून दाखविली. तेव्हा खंडांची गणना परिशिष्टात करण्यास आमची हरकत राहिली नाही.

वाईहून घाट चढून पाचगणीजवळच्या भिलार गावी गेलो. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला होता. आम्ही गेलो ते पुस्तकांसाठी. ४ मे २०१७ पासून या खेड्यास पुस्तकांचे गाव म्हणतात. राज्य शासनाने आरंभी पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तके ठेवली. कोठे कविता, कोठे चरित्रे, कोठे संतवाङ्मय, कोठे मुलांची पुस्तके. ती शेतकऱ्यांच्या राहत्या घरांत आहेत, हे आम्हांस विशेष वाटले. एका घरी आम्ही पडवीत वाचीत बसलो असता आत भाकऱ्या थापल्या जात होत्या, अंगणात कोणी लसूण सोलीत होते, आणि घरधनीणबाई पाणी ठेवून निमूटपणे आपल्या कामास गेल्या. परत निघताना नातवाने त्यांना विचारले, “तुम्ही यांतली किती वाचलीत?” आम्ही त्याला दटावणार तोच बाई हसून म्हणाल्या, “पावसात वाचते. तेव्हा कोणी येत नाही.” पावसाळ्यात त्या मुलखात किती पाऊस पडतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या उत्तराचे मोल कळेल.

असो. आता हिशेब. एका महिन्यात चार ग्रंथ पुरते वाचून झाले. पाच-सहांचे निवडक भाग झाले. आणि घरातील माणसांनी आपआपल्या हौसेने उघडून, चाळून, ठेवून घेण्याजोगी म्हणून नावे घातलेली पुस्तके आज मोजली तो एकसष्ट भरली. नऊशेंत एकसष्ट! धाकट्या बंधूंनी हा आकडा वहीत टिपला, पण नेहमीचे भाष्य केले नाही. कारण एकसष्टांतील अकरांवर त्यांचेच नाव आहे. निवडक शंभर ग्रंथालयास जातील. काही भाचरांनी मागून नेली. उरलेली पाचशेंहून अधिक पुस्तके कपाटांत आहेत. त्यांतील पुष्कळांना वाचक मिळणार नाही, हे आम्हांस दिसत आहे. शालेय क्रमिके, जुने अंदाजपत्रकावरील निबंध, रेल्वेच्या वेळापत्रकांचे बांधीव अंक यांना कोणी वाली नाही व नसावा. परंतु त्यांच्यात मिसळून आणखी एखादी ‘स्मृतिचित्रे’ वेष्टनात बसलेली असेल, तर ती कोणी उघडून मोठ्याने वाचल्याखेरीज कळावयाची कशी?

घराचा वारसा रक्ताने मिळतो आणि शेताचा सात-बारावरील नोंदीने. पुस्तकाचा वारस मात्र ज्याला ते वाचून दाखविले तोच, एवढे आम्ही या महिन्यात शिकलो. त्यास बंगळूरची नातही पात्र ठरते आणि शहाऐंशी वर्षांच्या काकूही. ज्यांच्या घरी अशी कपाटे आहेत, त्यांस आमची नम्र सूचना आहे, की ती कोणाला द्यावी हा विचार करण्यापूर्वी त्यांतील एक पुस्तक काढावे, रात्री जेवणानंतर घरच्या मंडळींत बसून अर्धा तास वाचावे आणि सकाळी मुलांना घेऊन त्या पुस्तकातील एखाद्या जागेपर्यंत चालत जावे. मुलांना उपदेश करू नये. ती प्रश्न विचारतील तेवढ्यांची उत्तरे द्यावी.

मुले आता आपापल्या शाळांना लागली आहेत. बंगळूरची नात काकूंची वही बरोबर घेऊन गेली आणि दर रविवारी मोबाइलवरून काकूंना पुढची हकीकत विचारते. वाडा दिवाळीनंतर रिकामा करावयाचा आहे, म्हणजे दिवाळीची एक सुटी अजून हाती आहे. पहिल्या रात्रीसाठी कोणते पुस्तक काढावे, याविषयी घरात आतापासून वाद चालू आहे आणि तो मिटविण्याची आम्हांस मुळीच घाई नाही.